शब्दचर्चा : दोन मॉनिटर – जोड, जुळे की दुहेरी?

खडूफळा
शाळेच्या संगणक कक्षासाठी मराठीत एक माहितीपत्रक लिहितोय. यंत्रांवर उबुंटू हे लिनक्स आहे, म्हणजे समोर दिसतो तो ग्नोम डेस्कटॉप. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावायचा आणि सेटिंग्जमध्ये दोघांची मांडणी करायची, एवढाच विषय. केबल लावेपर्यंतचा भाग लिहून झाला. पुढे 'डिस्प्लेज'मध्ये 'जॉइन' आणि 'मिरर' असे दोन पर्याय येतात, तिथे गाडी अडली. सध्या 'जोडणे' आणि 'प्रतिबिंब' लिहिलंय, 'प्रायमरी डिस्प्ले'ला 'प्राथमिक पडदा'. आणि मुळात 'ड्युअल मॉनिटर'ला काय म्हणायचं? दुहेरी, जोड, जुळे, द्वि... एकही शब्द चटकन बसत नाही.

अनुस्वार
'जुळे' तर नकोच. जुळे म्हणजे एकसारखे. दोन पडद्यांवर वेगवेगळं दिसावं म्हणून तर दुसरा आणतो आपण. शोभलाच तर तो शब्द 'मिरर'ला शोभेल.

'दुहेरी'त एकाच वस्तूचे दोन पदर असतात. दुहेरी शिलाई, दुहेरी वाहतूक, दुहेरी अर्थ. 'दुहेरी पडदा' म्हटलं की मला अस्तर लावलेला खिडकीचा पडदा दिसतो. 'द्विपटल' वगैरे शासन निर्णयातच बरं.

'जोड' मात्र तपासून पाहा. त्याच्या दोन छटा आहेत. जोडाक्षरात दोन वर्ण मिळून एक होतात. जोडधंद्यात मुख्य धंदा एकच, दुसरा त्याच्या मदतीला. 'जॉइन'मध्ये या दोन्ही गोष्टी घडतात. दोन पडदे मिळून एकच सलग जागा होते, खिडकी एकातून ओढून दुसऱ्यात नेता येते, आणि तरी त्यातला एक मुख्य राहतो. म्हणून माझं मत 'जोडपडदे'.

लॅमिंग्टनकर
दुकानात येऊन कोणी 'जोडपडदे द्या' म्हणालं तर मी त्याला पडदेवाल्याकडे पाठवीन. गिऱ्हाईक म्हणतं, "दुसरा मॉनिटर लावायचाय" किंवा "दोन स्क्रीन करून द्या". 'ड्युअल'सुद्धा फार कोणी म्हणत नाही. 'जॉइन' तर नाहीच, कारण लोकांची सवय विंडोजची आणि तिथे 'एक्स्टेंड' आणि 'डुप्लिकेट'. त्यामुळे ग्नोम असो की आणखी काही, सगळे 'एक्स्टेंड करा' असंच सांगतात. शीर्षक साधं ठेवा: 'दुसरा मॉनिटर लावणे'. ते कोणाला समजणार नाही?

रात्रपाळी
लॅमिंग्टनकरांचं शीर्षक मला मान्य. 'प्रतिबिंब' मात्र बदलाच, आणि हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

आरशात डाव्याचं उजवं होतं. 'मिरर' निवडल्यावर तसं काही होत नाही, दोन्हीकडे तेच चित्र सरळ उमटतं. बरं, चित्र खरोखर उलटं करायची सोयही लिनक्सवर आहे. लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवण्याचं काम करणारी जुनी प्रणाली म्हणजे एक्स विंडो. तिच्यात मांडणी बदलायची जुनी आज्ञा आहे एक्सरँडआर. या आज्ञेत 'रिफ्लेक्ट' नावाचा पर्याय आहे आणि तो चित्र आडवं, उभं किंवा दोन्ही दिशांनी उलटवतो. प्रोजेक्टर काचेमागून टाकायचा असेल तेव्हा तो लागतो. तीच आज्ञा वापरून दोन पडद्यांवर सारखं चित्र आणायचं असेल तर पर्यायाचं नाव 'सेम-ॲज', म्हणजे 'त्याच्यासारखं'. ज्यांनी ही आज्ञा लिहिली त्यांनी आरसा आणि नक्कल असा फरक केला होता. ग्नोमच्या खिडकीत येईपर्यंत तो पुसला गेला. मराठीत तरी ठेवू या. 'रिफ्लेक्ट'ला 'प्रतिबिंब', 'मिरर'ला 'दोन्हीकडे तेच'. दोन शब्दांचा पर्याय चालत नाही असा काही नियम नाही.

माहितीपत्रकात एक्सरँडआर घालू नका मात्र. उबुंटू 21.04 पासून बहुतेक यंत्रांवर एक्सच्या जागी आलेली नवी प्रणाली वेलँड हीच मूळ निवड आहे, आणि तिथे या आज्ञेने मांडणी बदलत नाही. मुलं आज्ञा टंकतील आणि काहीच होणार नाही.

खडूफळा
'दोन्हीकडे तेच' फारच आवडलं, मुलांना समजावून सांगायची गरज नाही. वाचताना जुन्या कागदपत्रांत 'मल्टिहेड' असा शब्द भेटला. हेड म्हणजे इथे मॉनिटरच ना?

रात्रपाळी
होय, एका संगणकाला जितके पडदे तितकी डोकी. अनेक पडदे चालवायच्या एका जुन्या पद्धतीचं नाव 'झॅफॉड मोड'. एका इंग्रजी विनोदी विज्ञानकथेतल्या दोन डोक्यांच्या पात्रावरून आलंय ते. त्या पद्धतीत प्रत्येक पडदा स्वतंत्र राहतो, माउसचा बाण इकडून तिकडे जातो पण खिडकी जात नाही. खिडकी नेता यावी म्हणून एक्सला झिनेरामा ही जोड आली, 1998 च्या सुमारास. हे नाव 'सिनेरामा'वरून घेतलंय. 1952 साली तीन प्रोजेक्टर एका वक्र पडद्यावर शेजारी शेजारी चित्र टाकायचे, तो सिनेरामा. मग 2007 साली रँडआरची, म्हणजे एक्सरँडआर आज्ञेमागच्या एक्सच्या भागाची, 1.2 आवृत्ती आली आणि यंत्र चालू असतानाच मॉनिटर जोडणं-काढणं शक्य झालं. गंमत म्हणजे रँडआर या नावाचा विस्तार 'रिसाइज अँड रोटेट', आकार बदला आणि फिरवा. ज्या कामासाठी लोक तो आज ओळखतात त्याचा नावात पत्ताच नाही.

अनुस्वार
'मल्टिहेड'चं शब्दशः मराठी करायला कोणी जाऊ नये एवढीच विनंती. 'बहुमुखी' म्हटलं तर संगणकाला प्रतिभा आली, आणि 'दुतोंडी' म्हटलं तर विश्वासच उडाला.

'प्राथमिक पडदा'ही काढा. प्राथमिक म्हटलं की शाळा किंवा उपचार आठवतो, म्हणजे सुरुवातीची पायरी. इथे अर्थ आहे 'मुख्य', जिथे वरची पट्टी आणि सूचना दिसतात तो.

लॅमिंग्टनकर
केडीईवर, म्हणजे लिनक्सवरच्या दुसऱ्या एका डेस्कटॉपवर, थोडं वेगळं आहे. त्याच्या प्लाझ्मा 5.27 आवृत्तीपासून तिथे एकच मुख्य न ठेवता पडद्यांना क्रम देतात, पहिला, दुसरा, तिसरा. तिथे 'पहिल्या पसंतीचा' म्हणावं लागेल. तुमच्याकडे ग्नोम आहे, 'मुख्य' पुरे.

पायरीखाली
दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. दोन्ही मला रोज लोकांना फोनवर सांगाव्या लागतात.

एक, डावं-उजवं. "मॉनिटर डावीकडे ठेवा" म्हटलं की समोरचा विचारतो, कोणाच्या डावीकडे? लॅपटॉपच्या की माझ्या? सेटिंग्जमध्ये पडद्यांचे चौकोन ओढून टेबलावर जसे आहेत तसे मांडायचे असतात, म्हणून मी 'तुमच्या डाव्या हाताला' म्हणते. गावात पत्ता सांगताना म्हणतात तसंच. मग प्रश्न येत नाही.

दुसरी, बाण अडकणं. लॅपटॉप 1366 गुणिले 768 चा आणि मॉनिटर 1920 गुणिले 1080 चा. लॅपटॉप डाव्या हाताला आणि दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत असल्या, तर मॉनिटरच्या डाव्या कडेचे खालचे 312 पिक्सेल कशालाच टेकलेले नसतात. तिथून बाण लॅपटॉपकडे न्यायला गेलं की भिंतीला धडकतो, आणि लोकांना वाटतं माउस बिघडला. लॅपटॉपचा चौकोन ओढून खालच्या कडा जुळवल्या की खालून वाट मोकळी होते, अडथळा वर जातो. त्या अडणाऱ्या जागेला आमच्या कार्यालयात 'पायरी' म्हणतात. कोशात मिळणार नाही, पण "पायरी काढा" म्हटलं की सगळ्यांना कळतं.

अनुस्वार
'पायरी' फार चांगला शब्द आहे. घ्या, खडूफळा.

खडूफळा
घेतला. आत्तापर्यंतचा मसुदा असा:

"दुसरा मॉनिटर लावणे. केबल जोडा. सेटिंग्ज उघडून 'डिस्प्लेज'वर या. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा क्रमांक दिसेल. दोन्हीकडे तेच हवं असेल तर 'मिरर' निवडा. दोन पडद्यांची मिळून एक मोठी जागा हवी असेल तर 'जॉइन' निवडा. मॉनिटर तुमच्या ज्या हाताला असेल त्या बाजूला त्याचा चौकोन ओढा. खालच्या कडा जुळवून पायरी काढा. मुख्य पडदा कोणता ते ठरवा. 'अप्लाय' दाबा."

बटणांची नावं इंग्रजीच ठेवली, कारण आमच्या यंत्रांवर पडद्यावर तीच दिसतात.

रात्रपाळी
'अप्लाय'नंतर एक ओळ वाढवा. बदल ठेवायचा का असं यंत्र विचारतं आणि उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळाने आपणहून जुन्या मांडणीवर जातं. पडदा काळा पडला तर घाबरून केबल उपटू नका, थांबा, असं लिहा.

आणि 'वर्कस्पेस'ला, म्हणजे एकाच पडद्यावर आलटून पालटून उघडता येणाऱ्या खिडक्यांच्या वेगळ्या जागेला, काय म्हणताय? मुलं तिथे हमखास गोंधळतात. त्यालाही लोक 'दुसरी स्क्रीन' म्हणतात, आणि ग्नोममध्ये वर्कस्पेस बदलला तरी सहसा मुख्य पडदाच बदलतो, शेजारचा मॉनिटर जागचा हलत नाही.

अनुस्वार
'कार्यक्षेत्र' म्हणू नका, ते आमदारांचं असतं.

लॅमिंग्टनकर
'पान' म्हणा. एका पानावर मेल, दुसऱ्यावर लेखन.

पायरीखाली
'पान' म्हटलं की लोक ब्राउझरचं पान समजतात, अनुभव आहे. मी 'वर्कस्पेस'च म्हणते. यासाठी वेगळा धागा काढा, हा मॉनिटरपुरता राहू दे.