मदत हवी आहे : भूलतज्ज्ञांनी ऐनवेळी ऑपरेशन रद्द केलं

रानवाट (सोमवार)
बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आज सकाळी साडेआठला होतं. गाऊन घातला, हाताला सुई लावली, आणि भूलतज्ज्ञ दोन मिनिटं बोलून म्हणाले, आज नाही. का, तर सहाला अर्धा कप चहा घेतला होता! मी नाशिकहून रजा काढून आलोय. पुण्यात लगेच करून देणारं कोणी असेल तर सांगा, घाई आहे.

सांजवात
चहा दुधाचा की कोरा? वय किती? बीपी, शुगर? पूर्ण भूल की कमरेत?

रानवाट
दुधाचाच. वय ६८. कमरेतून देणार होते. शुगरची गोळी आहे, बाकी ठणठणीत.

गुळपोळी
आधी इन्शुरन्सवाल्यांना कळवा. माझ्या पित्ताशयाच्या वेळी तारीख बदलली तर कॅशलेसची मंजुरी परत घ्यावी लागली होती. नुसता मनस्ताप.

ओटीसिस्टर
दादा, २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली म्हणून सांगते. साधं पाणी, कोरा चहा २ तास आधीपर्यंत चालतो. दूध पडलं की ६ तास, तळलेलं-तुपकट ८ तास. भुलेत घशाची राखण थांबते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जातं. कमरेतून द्यायची ठरली तरी ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते, म्हणून नियम तोच. एका काकांच्या तोंडावर मास्क ठेवला आणि आतून हिरवट पाणी आलं. टेबलाचं डोकं खाली केलं, सक्शन लावलं, तरी ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. तेही ‘काही घेतलं नाही’ म्हणाले होते. तुमच्या बाबांनी खरं सांगितलं, हे फार चांगलं केलं.
आता गोळ्यांची पाकिटं समोर घ्या आणि नावं लिहा. दात हलतोय का, कवळी आहे का, मिसरी-तंबाखू, तेही सांगा.

मावळवारा
कमरेत सुई घेतली की कंबर जन्मभर दुखते. माझी दुखते.

सांजवात
सुईने कंबर जन्मभर दुखत नाही, आणि त्यांनी ते विचारलंच नाहीये हो.

रानवाट
डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन (या शुगरच्या), अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. शेवटच्या दोन रक्त पातळ करायच्या, जानेवारीत अ‍ॅटॅक आला, हृदयाच्या नळीत स्टेंट (जाळी) घातला तेव्हापासून.

सांजवात
अहो, स्टेंट! चार महिन्यांपूर्वीचा! आणि हे आत्ता सांगताय? भूलतज्ज्ञांना माहीत होतं?

रानवाट
तपासणीचा फॉर्म मी भरला. हृदयविकार, ‘नाही’ लिहिलं. आता त्रास नाही ना काही. आणि हर्नियाचा हृदयाशी काय संबंध?

देशीउपाय
एवढं घाबरू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा आणि ऑपरेशन उरका. सासऱ्यांचं असंच केलं, काही झालं नाही.

ओटीसिस्टर
असं मुळीच करू नका! मनाने बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अ‍ॅटॅक. क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेत सुई घातली, तर मणक्याशी रक्त साकळून पाय लुळे पडू शकतात. म्हणून हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ, तिघांनी मिळून ठरवायचं. अ‍ॅटॅकनंतरच्या स्टेंटला घाई नसलेलं ऑपरेशन शक्यतो वर्षभर पुढे ढकलतात. डापाग्लिफ्लोझिनही साधारण ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि रक्तात आम्ल साठतं. तीही डॉक्टरांना विचारूनच.

देशीउपाय
म्हणजे वर्षभर हर्निया घेऊन बसायचं? एरंडेल द्या, पट्टा बांधा.

ओटीसिस्टर
पट्टासुद्धा सर्जनना विचारून. पण रानवाटदादा, हे लक्षात ठेवा : गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असो की दिवस, तडक हॉस्पिटल. तेव्हा थांबायचं नाही. आणि पोचल्याबरोबर आधी स्टेंटचं सांगायचं.

रानवाट (बुधवार)
काल हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशन जानेवारीनंतर, दोन्ही गोळ्या तशाच चालू. आज भूलतज्ज्ञांना भेटून फॉर्म नव्याने भरला. स्टेंटचं वाचून त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, रागावले मात्र नाहीत. सोमवारी मी कॉरिडॉरमध्ये त्यांच्यावर आवाज चढवला होता, त्याची माफी मागितली. बाबांनी यावेळी खालचा हलणारा दातसुद्धा बोटाने हलवून दाखवला. सिस्टर, सांजवात, मनापासून आभार.