मदत हवी आहे: अकरा वर्षं उभं असलेलं एल-३९ पुन्हा उडवायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

अल्बट्रॉस_ॲरिझोना

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून ॲरिझोनात एक एल-३९सी, म्हणजे दोन आसनी जेट विमान, घ्यायच्या बेतात आहोत. १९८४ सालची बांधणी, आधी सोव्हिएत वायुदलात ट्रेनर होतं. एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं) एक्स्पेरिमेंटल एक्झिबिशन, म्हणजे प्रदर्शनापुरत्या उड्डाणांचं, प्रमाणपत्र आहे, पण विमान अकरा वर्षं हँगरमध्ये उभं आहे. एअरफ्रेमचे तास कमी आहेत. बाहेरून गंज दिसत नाही. मागच्या कॉकपिटच्या मागे, पोटाखालच्या पॅनेलवर इंधनाचा ओलसर डाग आहे. विकणारे म्हणतात, "बॅटरी बदला, इंधन भरा, सुरू होईल."

विचारायचं असं की सौदा पक्का करण्याआधी काय काय पाहावं, इंजिन पहिल्यांदा कसं फिरवावं, आणि इजेक्शन सीट चालू ठेवाव्यात की निकामी करून घ्याव्यात? आमच्यात एक ए अँड पी (एअरफ्रेम आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक आहे, पण त्याचा हात पिस्टन इंजिनांवर बसलेला आहे.

पाना_पक्कड

बॅटरी जोडू नका. विकणाऱ्यांनाही जोडू देऊ नका. आधी कागद.

कमी तासांवर भाळू नका. या विमानात बहुतेक गोष्टींना तासांची आणि वर्षांची अशा दोन मर्यादा असतात, आणि जी आधी संपेल ती लागू. उभ्या विमानाची वर्षं संपतात. इंजिनाची रशियन वही मागवून घ्या. तिच्यातला इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनावरच्या पाटीशी जुळतो का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा. इंजिनं अदलाबदल झालेली असतात आणि वही भलत्याच इंजिनाची निघते. शेवटचं ओव्हरहॉल कधी आणि कोणत्या कारखान्यात झालं, त्याचा शिक्का हवा. वही नसेल तर ते इंजिन ओव्हरहॉल करायचंच आहे असं धरून किंमत बोला.

मग एफएएचं. प्रमाणपत्राबरोबरची ऑपरेटिंग लिमिटेशन्सची पत्रं पूर्ण आहेत का? त्यांत कोणता तपासणी कार्यक्रम मान्य केला आहे? टर्बाइनच्या विमानाला नुसती वार्षिक तपासणी पुरत नाही, त्या कार्यक्रमाप्रमाणेच काम करून नोंदवावं लागतं. मालक आणि तळ बदलला की प्रोग्रॅम लेटर (विमान कुठे, कशासाठी उडवणार ते सांगणारं पत्र) नव्याने द्यावं लागतं, म्हणून स्थानिक एफएए कार्यालयाशी सौद्याच्या आधीच बोला. भाडं घेऊन माणसं नेता येणार नाहीत, हे तिघांच्या हिशेबात आत्ताच धरा. खर्चाचा अंदाज हवा असेल तर टिप टँक (पंखांच्या टोकांच्या टाक्या) धरून इंधन साधारण ९८० किलो बसतं आणि टेकऑफच्या थ्रस्टला तासाला हजार किलोच्या आसपास जळतं. क्रूझला बरंच कमी.

आणखी एक, जे हमखास राहून जातं. आरआयओ-३ हा बर्फ ओळखणारा सेन्सर बसवलेला आहे का, ते बघा. त्यात स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. विमान अमेरिकेत आलं तेव्हा तो काढला असेल तर काढल्याचा कागद मागा. कागद नसेल तर रेडिएशन मीटर घेऊन माणूस बोलवा. स्वतः पाना लावू नका.

कॉम्प्रेसर_स्टॉल

इंजिनाबद्दल मी लिहितो. एआय-२५टीएलमध्ये (एल-३९चं जेट इंजिन) पुढे तीन टप्प्यांचा फॅन, मग नऊ टप्प्यांचा हाय-प्रेशर कॉम्प्रेसर. फॅन दिसतो म्हणून लोक तोच बघतात. गंज आतल्या नऊ टप्प्यांवर बसतो, आणि तो बोरोस्कोपशिवाय (आत घालायच्या नळीच्या कॅमेऱ्याशिवाय) दिसत नाही.

क्रम असा ठेवा. दोन्ही इनटेक आणि मागचा पाइप टॉर्च घेऊन आतपर्यंत तपासा. साठवणीच्या वेळी घातलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या, झाकणं, चिंध्या यांची यादी करा आणि बाहेर काढलेली प्रत्येक वस्तू तिच्याशी ताडून पाहा. ब्रिटनमधलं व्हल्कन एक्सएच५५८ हे जुनं बॉम्बर विमान बघा. प्रचंड खर्च करून २००७ साली ते पुन्हा उडवलं, आणि मे २०१२ मध्ये इनटेकमध्ये राहिलेल्या सिलिका जेलच्या पिशव्यांनी एक इंजिन फोडलं. त्याचे तुकडे शेजारच्यात गेले आणि तेही गेलं. त्यामुळे ही यादी दोघांनी वेगवेगळी तपासायची.

नंतर फॅन हाताने सावकाश फिरवा. घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा. मग बोरोस्कोप: हाय-प्रेशर कॉम्प्रेसर, कम्बशन चेंबर, टर्बाइनची पाती. जुनं ऑइल काढा, पण फेकू नका, त्याचा नमुना धातूच्या तपासणीला पाठवा. ऑइल आणि इंधन दोन्हींचे फिल्टर उघडून बघा. टाक्यांच्या तळातलं इंधन काचेच्या बरणीत घ्या. पाणी किंवा शेवाळासारखा थर दिसला तर सगळं इंधन उपसा.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच कोल्ड क्रँक. इंधन बंद, इग्निशन बंद, नुसत्या हवेवर फिरवायचं. ऑइल प्रेशर उठलं पाहिजे. गळती बघा. थांबताना किती सेकंद फिरत राहतं ते घड्याळावर मोजून मॅन्युअलशी ताडा, कारण बेअरिंगचं दुखणं आधी तिथे दिसतं.

अल्बट्रॉस_ॲरिझोना

खूप आभार, दोघांचेही. क्रँकसाठी हवा साफीर (इंजिन सुरू करायला हवा देणारं विमानातलंच छोटं यंत्र) देणार ना? तीही अकरा वर्षं बंदच आहे.

कॉम्प्रेसर_स्टॉल

हो, आणि खरी मेख तिथेच आहे. साफीर-५ हे स्वतःच छोटं टर्बाइन आहे. त्याचं ऑइल, त्याचा फिल्टर आणि किती वेळा सुरू केलं याची नोंद, सगळं वेगळं असतं. साफीर दमलेली असेल तर हवा कमी पडते, इंजिन खालच्याच आरपीएमवर अडकतं आणि इंधन मात्र येत राहतं. मग ईजीटी (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) चढत जातं आणि टर्बाइन भाजतं. त्यामुळे साफीर आधी एकटीच चालवून तिची हवा मोजा. ग्राउंड पॉवर दणकट हवी, मरतुकड्या २४ व्होल्टच्या बॅटरीवर हा प्रयोग नको.

पहिल्या खऱ्या स्टार्टला एकाची नजर फक्त ईजीटीवर आणि हात इंधन तोडायच्या लिव्हरवर. आरपीएम चढायचं थांबलं आणि ईजीटी चढतच राहिलं की लगेच तोडायचं, मर्यादा गाठायची वाट बघायची नाही. बाहेर अग्निशामक घेऊन माणूस उभा हवा. सुरुवातीला पांढरा धूर येईल, तो साठवणीच्या तेलाचा. आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना, आरपीएम साधारण ५६ टक्क्यांवर स्थिरावतं.

सेफ्टी_पिन

इजेक्शन सीटबद्दल. सीट चुकून उडू नये म्हणूनच्या पिना बसवलेल्या आहेत याची या सीटच्या जाणकाराने खात्री करेपर्यंत कुणालाही कॉकपिटमध्ये बसू देऊ नका. फोटोपुरतंसुद्धा नाही. व्हीएस-१बीआरआय सीटमध्ये स्फोटक काडतुसं आणि रॉकेट आहे, आणि कॅनपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) उडवणारी काडतुसं वेगळी. प्रत्येकावर तारीख असते. अकरा वर्षांनी त्या उलटलेल्याच असणार असं धरून चाला. मुदत संपलेलं काडतूस दोन्ही बाजूंनी वाईट: हवं तेव्हा उडेल याची खात्री नाही आणि नको तेव्हा उडणार नाही याचीही नाही.

२२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमला हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळलं आणि ११ माणसं गेली. अपघाताचं कारण वेगळं होतं, लूपमध्ये वेग आणि उंची कमी पडली. पण चौकशीत सीटच्या काडतुसांची मुदत उलटून गेल्याचं आढळलं, आणि मदतीला धावलेल्यांना अशा सीटचा किती धोका असतो हेही पुढे आलं. तेव्हा चालू ठेवा वा निकामी करा, बाहेर तसं ठळक लिहा आणि विमानतळाच्या अग्निशमन दलाला दाखवून ठेवा.

माझं मत: नवी काडतुसं आणि त्या सीटचा माणूस मिळत असेल तर चालू ठेवा. जेट शेतात उतरवणं पिस्टनच्या विमानासारखं नाही. पण चालू सीटलाही जमिनीलगत किमान ताशी १५० किलोमीटर वेग लागतो, हे बसणाऱ्याला माहीत हवं. नवी काडतुसं मिळत नसतील तर जाणकाराकडून रीतसर निकामी करून घ्या आणि इंजिन बंद पडल्यावर कुठे उतरायचं ते प्रत्येक उड्डाणाआधी ठरवा. मुदत संपलेली काडतुसं तशीच ठेवणं हा तिसरा पर्याय नाही.

पाना_पक्कड

तो ओला डाग राहिला. एल-३९च्या धडात इंधनाच्या पाच रबरी टाक्या असतात. कोरड्या राहिल्या की रबर आकसतं आणि घड्यांवर चिरतं. क्लॅम्प आवळून डाग थांबला तरी विश्वास ठेवू नका. प्रत्येक टाकीची हलक्या हवेच्या दाबाने चाचणी करा. बाहेर काढायची तर आधी ऊब द्या, थंड रबर दुमडलं की नवी चीर पडते. एक गेली असेल तर पाचही बदलायच्या तयारीने पैसे बाजूला ठेवा.

हायड्रॉलिकमध्ये एएमजी-१० किंवा ५६०६ जातीचंच तेल. विमानतळावर सहज मिळतं म्हणून स्कायड्रॉल (वेगळ्या जातीचं हायड्रॉलिक तेल) घातलंत तर सगळी सीलं फुगून जातील. ॲक्युम्युलेटरचा नायट्रोजन आधी तपासा, मग विमान जॅकवर घेऊन चाकं आत-बाहेर करून बघा, आणीबाणीच्या पद्धतीनेही. टायर आणि लवचीक होज दिसायला कसेही असोत, बदला. सगळे आटे मेट्रिक आहेत, तुमच्या मेकॅनिकच्या पेटीतला इंची बोल्ट दोन फेरे बसतो आणि तिसऱ्याला आटे खातो.

कॉम्प्रेसर_स्टॉल

उडवणाऱ्यासाठी एक. आयडलपासून पूर्ण थ्रस्ट यायला ९ ते १२ सेकंद लागतात. पिस्टनवरून येणारा माणूस उतरताना थ्रॉटल पूर्ण मागे घेतो, आणि गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जायला) पुढे ढकलल्यावर काहीच होत नाही. त्यामुळे फायनलवर (धावपट्टीकडे सरळ उतरताना) आरपीएम वर ठेवायचं आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, फ्लॅपने घ्यायचा. हे एल-३९च्या प्रशिक्षकाबरोबर, दुसऱ्या चालू विमानात शिकून घ्या. तुमच्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला मागची सीट रिकामी हवी आणि तिचे पट्टे बांधलेले.

अल्बट्रॉस_ॲरिझोना

सौदा थांबवून इंजिनाची वही, ऑपरेटिंग लिमिटेशन्स आणि आरआयओ-३चा कागद मागितला आहे. बोरोस्कोप आमच्या माणसाकडून, आणि टाक्यांची चाचणी त्यांच्या खर्चाने, अशी अट घातली आहे. कागद आले की इथेच टाकतो.