मदत हवी आहे: लाटांमधून लुअर (मासे धरायचं खोटं आमिष) ओढायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. आजवर भंडाऱ्याकडे वैनगंगेत मरळ धरली, समुद्र नवाच. दिवाळीत गुहागरच्या किनाऱ्यावरून ४० ग्रॅमचा धातूचा स्पून (चमच्यासारखा लुअर) फेकला. नदीत एका लयीत रील फिरवली की भागतं. इथं लाट आली की लुअर माझ्याकडेच ढकलला जातो, दोरी ढिली पडते, मग मासा लागला तरी हाताला कळणार कसं? म्हणून लाट येताना भरभर गुंडाळली, पाणी मागे फिरलं की हळू. जरा जमलं. पण शेवटच्या २० फुटांत, लाट फुटते तिथं, स्पून वाळूत घासतोच. तिथं रॉडचं टोक उंच धरायचं की वेग वाढवायचा? जिताडा मासा लागावा म्हणून स्पून मधेच थांबवावा का? बायको म्हणते, "बाप्पा, बाजारातूनच आणा न!"