मदत हवी आहे: रीफ टँकमध्ये मॅन्टिस श्रिम्प (ठोशाने शंख फोडणारा समुद्री जीव) निघाला आहे, मारायचा नाही, वेगळा कसा ठेवू?

नमस्कार मंडळी,

ऐरोलीला राहतो. घरी तीन फुटी रीफ टँक (प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, साधारण १९० लिटरचा, दोन वर्षं नीट चाललेला. झोआ, मश्रूम आणि एक लेदर एवढीच मऊ कोरलं आहेत. दगडी कोरलं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही. मासे तीन: क्लाउनची जोडी आणि एक गोबी. आता गोबी दिसत नाही.

मार्चमध्ये एका हौशी माणसाने आपला टँक मोडला, त्याच्याकडून सहा किलो लाइव्ह रॉक (समुद्री जीव वसलेला दगड) घेतला. त्यातला एक मोठा दगड झोआंनी भरलेला होता, म्हणून तो न सुकवता, न तपासता थेट टँकमध्ये ठेवला. ती चूक माझीच. पंधरा दिवसांत रात्री आवाज यायला लागला. टक्. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक् टक्. बायकोला वाटलं स्किमर (पाण्यातली घाण फेसाने काढणारं यंत्र) खराब झाला. मी पंप एकेक करून बंद केले तरी आवाज येतच राहिला.

मग टर्बो शंख कमी होऊ लागले. पाचाचे दोन उरले. वाळूत सापडलेला एक शंख हातात घेतला तर त्याच्या पोटाला नखाएवढं भोक आणि कडा पांढऱ्या स्वच्छ, टवका उडालेल्या कपासारख्या. हर्मिट क्रॅबच्या शंखांचे तर तुकडेच मिळाले.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून चार रात्री बसलो. चौथ्या रात्री अडीचला तो दिसला. त्याच झोआच्या दगडात, खालच्या बाजूला, करंगळी जाईल एवढं बीळ आहे. बिळाच्या तोंडाशी देठांवर राईच्या दाण्याएवढे दोन डोळे. एक डोळा माझ्याकडे वळलेला आणि दुसरा त्याच वेळी खालच्या हर्मिटकडे. अंग हिरवट, लांबी दोन इंचांच्या आसपास. हर्मिट जवळ आला तसा हा बाहेर आला, शंखाला पुढच्या मिशांनी दोनदा चाचपलं आणि टक्. हालचाल अशी दिसलीच नाही, शंख तेवढा कलंडला.

दुकानात विचारलं तर सांगितलं, दगड काढून बिळात उकळतं पाणी ओता. बाबा म्हणतात, वाशीच्या खाडीत सोडून ये. मला दोन्ही नको आहे. सात वर्षांची मुलगी रोज सकाळी विचारते, त्याने काल काय खाल्लं. हा जीव आपल्या चुकीने आपल्या घरात आला आहे, तर त्याला नीट जगवायचं, एवढं मी ठरवलं आहे.

घरात दीड फुटी टँक रिकामा आहे, काठोकाठ ४० लिटरचा. मागच्या वर्षी क्लाउनला पांढरे ठिपके आले तेव्हा औषधोपचारासाठी वापरला होता. तो चालेल का? हा काच फोडेल का? दगडातून बाहेर कसा काढू? आणि ४० लिटर पाणी उन्हाळ्यात थंड कसं ठेवतात? चिलर घेणं सध्या शक्य नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

— ऐरोलीकर

प्रतिसाद: मुलुंड चेकनाका

पिस्टल श्रिम्प नसेल ना? आवाज तोही करतो. माझ्याकडे होता, सहा महिने मी त्याला मॅन्टिस समजत होतो.

प्रतिसाद: खारं पाणी

पिस्टल नाही. पिस्टलला एक नांगी मोठी असते, डोळे कवचाखाली दबलेले असतात, आणि शंखाला असं भोक तो पाडत नाही. देठावरचे वेगवेगळे फिरणारे डोळे आणि फुटलेला शंख, म्हणजे मॅन्टिसच. नेमकी जात वर्णनावरून सांगता येणार नाही, पण दगडात राहणारा, हिरवट, दोन इंची म्हणजे गोनोडॅक्टिलस कुळातला स्मॅशर धरून चाला. कोळ्यांच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जो चपटा, पिवळसर प्रकार येतो तो यांचा लांबचा भाऊबंद. तो चिखलात बीळ करतो आणि काटेरी हातांनी भक्ष्य भोसकतो. तुमचा हातोडेवाला. नावात श्रिम्प असलं तरी हे कोळंबीपासून फार जुन्या काळी वेगळे झालेले प्राणी आहेत.

ऐरोलीकर दादा, उकळतं पाणी मुळीच ओतू नका, आणि ते फक्त त्याच्यासाठी म्हणत नाही. तो झोआचा दगड आहे. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगड उकळला किंवा गरम पाण्याने भाजला तर ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातली माणसं दवाखान्यात जाण्याइतकी आजारी पडू शकतात. दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा, दोन्ही घाला. मुलीला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा.

खाडीचंही नको. पावसात ठाण्याच्या खाडीतला खारटपणा पार उतरतो. प्रवाळातला प्राणी तिथे टिकणार नाही. आणि टिकलाच तर परका जीव आपल्या खाडीत सोडल्यासारखं होईल.

काढायची रीत अशी. टँकच्या पाण्यानेच भरलेली बादली जवळ ठेवा. दगड उचलून बादलीवर धरा, बिळाचं तोंड खाली. पुष्कळदा तो आपणच खाली पडतो. नाही पडला तर साधा सोडा, लिंबू किंवा साखर नसलेला, सुई नसलेल्या सिरिंजने बिळात दोन-तीन मिली सोडा. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून तो झटकन बाहेर येतो. लगेच स्वच्छ खाऱ्या पाण्यात गेला की सावरतो. पुन्हा पुन्हा करू नका, आणि बोटाने तर अजिबात उचलू नका. अंगठा फोडणारा म्हणून याची ख्याती आहे, चहाच्या प्लास्टिकच्या डब्यात घ्या.

काचेची काळजी एवढ्या आकाराला नको. काच तडकण्याच्या ज्या गोष्टी ऐकतो त्या मोठ्या पीकॉक मॅन्टिसच्या. तो १८ सेंमीपर्यंत वाढतो. त्याच्या ठोशावरचं मोजमाप २००४ साली प्रसिद्ध झालं, वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत. स्नायूंच्या ताकदीवर हे जमत नाही. हात आधी खिट्टी लावल्यासारखा अडकवतो, कवचाची स्प्रिंग ताणतो आणि मग सोडतो. हात इतक्या वेगाने जातो की पाण्यात पोकळी होते, ती मिटताना दुसरा दणका बसतो. म्हणजे भक्ष्य एका ठोशात दोनदा मार खातं. तुमच्याकडे येणारा टक् तोच. खाली बेअर काच ठेवू नका, इंचभर वाळूखाली पातळ अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घाला, पुरे.

प्रतिसाद: वाशीची मीरा

एक फार महत्त्वाचं. पांढऱ्या ठिपक्यांना तुम्ही कुठलं औषध वापरलं होतं? कॉपर (तांब्याचं औषध) असेल तर त्या टँकमधली वाळू, दगड, स्पंज, एअरस्टोन सगळं फेका. कॉपर त्यात मुरतं आणि हळूहळू सुटत राहतं. माशांना जी मात्रा औषध ठरते ती कोळंबी, खेकडे, मॅन्टिस यांना विष असते. काच धुऊन निघते, पण सिलिकॉनच्या सांध्यांची मला खात्री वाटत नाही. माझा असा एक क्लीनर श्रिम्प दोन दिवसांत गेला, आणि बरेच दिवस मी पाण्याच्या टेस्टच करत बसले. माझं ऐकाल तर दीड फुटी नवा टँक करून घ्या. काचेचा खर्च फार नाही.

प्रतिसाद: ऐरोलीकर

मीराताई, कॉपरच होतं. तुम्ही विचारलं नसतं तर मी उद्या त्यातच पाणी भरणार होतो. मनापासून आभार. दिघ्याच्या काचवाल्याला आजच माप दिलं.

प्रतिसाद: ऐरोलीकर

रविवारी काढला. सोडा लागलाच नाही. दगड बादलीवर धरून दहा मिनिटं उभा होतो, हात भरून आले, आणि ठेवणार तोच पाण्यात टप्पकन आवाज आला. बादलीत तो शेपटी पसरून तळाशी बसला आणि वर बघत राहिला. हिरवा रंग बाहेर वाटतो त्याहून गडद आहे, पायांच्या सांध्यांना पिवळसर झाक.

नव्या टँकमध्ये संपमधला (मोठ्या टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतला) मुरलेला दगड आणि निम्मं पाणी मोठ्या टँकचंच घातलं. खारटपणा ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ), रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ ते १.०२६. खारं पाण्यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पीव्हीसीचा अर्ध्या इंचाचा पाइप कोन करून पुरला, दगड थेट तळावर टेकवले म्हणजे त्याने वाळू उकरली तरी ढासळणार नाहीत. पाइपकडे त्याने बघितलंही नाही. दगडाच्या कपारीत गेला आणि रात्रभर मोठे खडे एकेक उचलून दार बांधलं. मुलीने तो पाइप "त्याचं सेकंड होम" म्हणून तसाच ठेवायला लावला आहे.

वर जाळीचं झाकण आहे, पंखा सकाळ-संध्याकाळ. पाणी २७ ते २८ अंशांवर राहतं. दमट हवेत पंख्याने पाण्याचं तापमान फार उतरत नाही, हे आता स्वतः मोजून कळलं: मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी अडीच अंश, आता जेमतेम एक. लाइट मंद ठेवला आहे.

खायला कोळंबीचे तुकडे आणि बाजारातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. तिसऱ्या आधी गोठवून, धुऊन देतो. तिसरी टाकली की तो ती बिळाच्या दाराशी नेतो, बिजागरीची बाजू शोधून फिरवतो, आणि तिथेच मारतो. दर वेळी तीच बाजू.

प्रतिसाद: ऐरोलीकर

मंडळी, मदत हवी. आज नववा दिवस, त्याने काही खाल्लेलं नाही. बिळाचं दार वाळू आणि खड्यांनी पूर्ण बुजवून घेतलं आहे. अमोनिया शून्य, तापमान ठीक. एक खडा काढून बघू का? मेला असेल तर पाणी बिघडेल.

त्यात श्रावण लागतो आहे. आई श्रावण पाळते, घरात मासळी येत नाही. तिला भीत भीत विचारलं तर म्हणाली, "त्या जिवाला कसला श्रावण? त्याला उपाशी ठेवू नकोस, फक्त माझ्या फ्रीजमध्ये नको." खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या फ्रीजरमध्ये एक डबा ठेवायला दिला आहे. पण खाणारा दार उघडेल तेव्हा ना.

प्रतिसाद: खारं पाणी

एकही खडा काढू नका. कात टाकतो आहे. दार बुजवणं आणि खाणं सोडणं, दोन्ही त्याचीच लक्षणं. जुनं कवच उतरल्यावर त्याचे हातोडेसुद्धा मऊ असतात. त्या काळात त्याला कुणीही मारू शकतं, म्हणून दार लावतो. आपण दार उघडलं की तो पुन्हा बांधायच्या खटपटीत जीव गमावू शकतो. दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. मेला असता तर अमोनिया वर गेला असता, वास आला असता. दिवसाआड टेस्ट करा, बाकी हात लावू नका. पाणी बदलायचं तर थोडंच, त्याच तापमानाचं आणि त्याच खारटपणाचं.

प्रतिसाद: वाशीची मीरा

वाट बघणं फार जड जातं, माहीत आहे. रात्री लाल टॉर्चने बघा, पण काचेवर टकटक करू देऊ नका मुलीला.

प्रतिसाद: ऐरोलीकर

सोळाव्या दिवशी सकाळी मुलगी ओरडत आली, "बाबा, दोन झाले!" दाराबाहेर कात पडली होती. अख्खी, पारदर्शक, डोळ्यांच्या टोप्यांसकट आणि हातोड्यांसकट. फुलपाखराच्या पंखासारखी हलकी. दाराला मधोमध भोक आणि त्यातून दोन डोळे. मी तिथेच खाली बसलो. आईने देवापुढे साखर ठेवली.

कात मुलीने कापूस घातलेल्या डबीत ठेवली आहे. पहिले चार दिवस फक्त कोळंबीचे मऊ तुकडे दिले, पाचव्या दिवशी छोटी तिसरी टाकली. रात्री पावणेबाराला टक् ऐकू आला.

आता शेवटचा प्रश्न. गणपतीला सात दिवस चिपळूणजवळ गावी जायचं आहे. मोठ्या टँकला ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) आहे, छोट्याला नाही. याच्या खाण्याचं काय करू?

प्रतिसाद: खारं पाणी

खाण्याची चिंताच करू नका. धडधाकट मॅन्टिस आठवडाभर सहज राहतो. निघायच्या आदल्या दिवशी एक तिसरी द्या, उरलेलं काढून टाका. शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगू नका, प्रेमाने जास्त टाकतात आणि पाणी जातं.

खरी काळजी पाण्याची. तुमच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ३५ लिटर धरू. पंख्याने रोज एक लिटर उडालं तर सात दिवसांत २८ उरेल, मीठ मात्र तेवढंच. म्हणजे ३५ चा खारटपणा जवळजवळ ४४ वर जाईल. एवढ्या खारटपणात तो दगावू शकतो. म्हणून काचेवर बाहेरून मार्करने आजच्या पातळीची रेघ ओढा. आरओच्या पाण्याच्या सात बाटल्या भरून टँकशेजारी ठेवा. काकू रोज त्या रेघेपर्यंत पाणी घालतील, रेघेच्या वर नाही. बाटल्यांवर "गोडं पाणी" असं लिहा, घरात मिठाच्या पाण्याचा कॅन असेल तर तो कुलपात. वीज गेली तर काय, तेही सांगून ठेवा: बॅटरीवरचा एअरपंप लावायचा, त्याचं बटण दाखवून ठेवा. आणि जायच्या आधी दोन दिवस काकूंकडून तुमच्यासमोर एकदा करून घ्या.

प्रतिसाद: ऐरोलीकर

रेघ ओढली. काकू आत्ता येऊन पहिली बाटली ओतून गेल्या. त्या वाकल्या तेव्हा तो दारात येऊन एका डोळ्याने त्यांच्याकडे आणि एका डोळ्याने बाटलीकडे बघत होता.