मय, माया आणि सावता माळ्याची मिरची

गोदाकाठ
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक ढकलपत्र आलं. माया संस्कृती म्हणजे मयासुराची वसाहत, अमेरिका म्हणजे पाताळ, वामनाने बळीला धाडलं ते तिथेच. मेक्सिकोतल्या प्राचीन ओल्मेक लोकांनी कोरलेल्या दगडी डोक्यांची नाकं-ओठ बघा, ही माणसं तिथली असूच शकत नाहीत. शेवटी ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’. दोन डॉक्टर आणि एक निवृत्त इंजिनिअर खाली हात जोडून मोकळे. म्हणून हा धागा, ही माझी जिलबी.

‘माया’ हे नाव मुळात मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या एका भागापुरतं. तिकाल, कोपान या जुन्या नगरांतल्या लोकांना आपण सगळे ‘माया’ आहोत हे ठाऊकही नव्हतं, ते लेबल मागाहून सरसकट चिकटलं. मग मयासुराशी जुळवताय काय? त्यांची लिपी आता बरीचशी वाचता येते. पालेंके नगराचा राजा पकाल 615 ते 683 गादीवर होता, त्याची आई कोण, हे त्यांनीच कोरून ठेवलंय. आणि हे लोक ‘लुप्त’ वगैरे झालेले नाहीत, ग्वातेमालात लाखो जण आजही त्या भाषा घरात बोलतात. वेरूळचं कैलास लेणं परग्रहवाल्यांनी खोदलं असं कुणी म्हटलं की आपण केवढे खवळतो. मग त्यांनी का खवळू नये?

त्रिशंकू
झालं! तज्ज्ञ सांगतील तीच पूर्व दिशा. मयासुराचं मीही मानत नाही, पण हा सूर डोक्यात जातो. क्लोव्हिसवाले (विशिष्ट दगडी भाल्यांची टोकं बनवणारे शिकारी) पहिले, तेरा हजार वर्षांपूर्वी, त्याआधी अमेरिकेत कुणी नाही, हेही वेदवाक्यच होतं ना? चिलीत मोन्ते व्हेर्देला पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे साडेचौदा हजार वर्षं म्हणाला तर वर्षानुवर्षं त्याला उभं केलं नाही. 1997 साली इतर तज्ज्ञ मंडळी स्वतः जाऊन बघून आली तेव्हा कुठे माना हलल्या. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला पावलांचे ठसे निघाले, 21 ते 23 हजार वर्षांपूर्वीचे. आणि ॲमेझॉनमधल्या सुरुई, कारितियाना लोकांच्या डीएनएत अंदमानच्या ओंगींशी जुळणारा अंश 2015 साली सापडला, त्याचं काय? की तो तुमच्या अभ्यासक्रमाबाहेर?

गोदाकाठ
तो अंश आहे, नाकारतंय कोण? पण ओंगी होडी हाकत ब्राझीलला गेले असा त्याचा अर्थ नाही. आशियातल्या कुठल्यातरी जुन्या लोकसमूहाचं रक्त दोन्हीकडे थोडं थोडं उतरलंय. आणि डिलेहेने झोपड्यांची लाकडं, दोरांच्या गाठी, चघळून टाकलेलं समुद्रशेवाळ काढून दाखवलं. तुमच्या ढकलपत्रात कसली गाठ आहे?

त्रिशंकू
‘तुमच्या’? मी पाठवलं होतं का ते? नीट वाचत जा.

मिसुरीकर
मी सेंट लुईसला राहतो, काहोकिया हे तिथल्या मूळ रहिवाशांचं प्राचीन नगर घरापासून अर्ध्या तासावर. तिथला मातीचा ढिगारा म्हणावा तर तीस मीटर उंच, टोपल्यांनी माती वाहून रचलेला, साधारण हजार वर्षांपूर्वी. सासरे आले तेव्हा घेऊन गेलो. वर चढून दम खाल्ला आणि म्हणाले, “हे काही इथल्या आदिवासींचं काम नव्हे, बाहेरून कुणीतरी आलं असणार.” जावई असल्यामुळे गप्प बसलो. पण एकोणिसाव्या शतकात गोरे वसाहतवाले शब्दशः हेच म्हणत होते: हे टेकाड कुठल्याशा हरवलेल्या जमातीचं. म्हणजे इंडियनांना हुसकताना मनाला टोचणी नको. 1894 साली सायरस थॉमस या अमेरिकन संशोधकाच्या अहवालाने ते मोडीत काढलं. सासऱ्यांपर्यंत तो अजून पोचायचाय.

चिंचगूळ
अवांतर: कोलंबसाआधी संपर्क हवाच असेल तर रताळं घ्या की. पॉलिनेशियात ते ‘कुमारा’, तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतही जवळपास तेच. 2020 साली डीएनएनेही सांगितलं की 1200च्या आसपास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकेतले लोक भेटले होते. आणि आपला उपास बघा: रताळं, बटाटा, शेंगदाणा, राजगिरा, मिरची सगळं अमेरिकेचं. साबुदाणासुद्धा, तो टॅपिओकाचा. आमच्या आजीला हे सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही.

तुळशीमाळ
मिरची अमेरिकेची?? “लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी.” सावता माळी समाधिस्थ झाले 1295 साली, कोलंबस निघाला 1492 ला. बसा आता गणित करत.

गोदाकाठ
अभंग आधी तोंडोतोंडी, मग बाडांत. गाणाऱ्याने आपल्या मळ्यातली भाजी त्यात घातली असेल. चरकात मिरी आहे, पिंपळी आहे, मिरची दाखवा.

तुळशीमाळ
म्हणजे माया लोकांनी दगडात कोरलं ते खरं आणि आमच्या संताचं ते ‘घातलेलं’! तुमची सहानुभूती सगळी ग्वातेमालासाठी राखीव दिसते. माझे आजोबा पंढरीच्या वाटेवर हाच अभंग म्हणत गेले.

चिंचगूळ
दादा, दगडावर कोरलेलं कुणी बदलत नाही, वहीत उतरवताना सगळेच बदलतात. सावतोबांची भक्ती मिरचीवर टांगलेली नाहीये.

त्रिशंकू
कर्नाटकात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या देवळात मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत असं जोहानेसन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानेच म्हटलंय. भरहुतच्या दोन हजार वर्षं जुन्या स्तूपाच्या शिल्पात इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला सीताफळ दिसलं. ते गोरे होते, आता तरी चालेल?

गोदाकाठ
त्या ‘कणसा’ला मुक्ताफळ म्हणतात, मोत्यांचं फळ. आपल्याच कृषिशास्त्रज्ञांनी जोहानेसनला उत्तर दिलंय. इतका मका पिकत होता तर एका दाण्याचा कोळसा तरी जुन्या उकिरड्यात नको का सापडायला?

तुळशीमाळ
आणि सीताफळ? सीतेचं नाव लावलेलं फळ पोर्तुगीजांचं?

चिंचगूळ
रामफळसुद्धा. बारसं इथे झालं म्हणून बाळंतपण इथलं होत नाही.

त्रिशंकू
मक्याचं जाऊ दे, सोडलं. पण तेरा हजारांवरून तेवीस हजारांवर आलात ना? अजून दहा वर्षांनी तीस म्हणाल, तेव्हा इथेच भेटू.

गोदाकाठ
म्हणेन. पुरावा आला तर म्हणेन. तुम्ही क्लोव्हिसवाल्यांबद्दल बोललात ते खरंच आहे, त्यांनी हटवादीपणा केला. झालं समाधान?

त्रिशंकू
अर्धं.

तुळशीमाळ
उद्या एकादशी आहे. आई भगर लावतेय. ती तरी आपली ना?

चिंचगूळ
भगर आपलीच. फोडणीत मात्र मिरी घाला.