४५८ला कवटाळणं हा निव्वळ भावनिकपणा?

नऊहजारी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "तिची वारसदार ४८८ आल्यावरही फेरारी ४५८ला कवटाळणं म्हणजे निव्वळ भावनिकपणा." वाचून डोकंच फिरलं. साडेचार लिटरचं व्ही-८, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नाही, तरी ५७० अश्वशक्ती आणि तीही थेट ९००० आरपीएमला! फेरारीच्या गावी, मारानेल्लोत, म्युझियमजवळ भाड्याने मिळते, तिथे चालवलीय मी. घाटात दुसऱ्या गिअरला काटा आठ हजारांपुढे गेला आणि सीटमागचं इंजिन असं किंचाळलं की शेजारी बसलेल्या बायकोने माझा दंड घट्ट धरला. २०१५च्या ४८८मध्ये टर्बोने तो आवाज गिळला.

म्युनिककर: मीच लिहिलं होतं, आणि शब्द मागे घेणार नाही. ४८८ची ताकद ६७०. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ७६० न्यूटन-मीटर, तुमच्या ४५८चा ५४०. फेरारीच्या फियोरानो चाचणी ट्रॅकवर ४८८ दोन सेकंदांनी पुढे. टर्बोचा एवढा विटाळ, मग जुन्या एफ४० फेरारीला काय होतं? तीही टर्बोवालीच. तिची तर पूजा करता!

नऊहजारी: एफ४०चा टर्बो लपत नाही, सरळ धक्का देतो. ४८८चा पूर्ण ७६० टॉर्क फक्त सातव्या गिअरला मिळतो, खालच्या गिअरांत मुद्दाम आवरलाय. कशाला? टर्बो जाणवू नये म्हणूनच ना?

खटका: तुम्ही दोघं इंजिनावरून भांडताय, पण खरा घात ४५८नेच केला. क्लचचं पेडलच काढून टाकलं! ४५८च्या आधीच्या एफ४३०पर्यंत मॅन्युअल गिअर मिळत होता. तो दांडा धातूच्या खाचांतून सरकताना होणारी खट्खट एकदा हाताने अनुभवा, मग बोला.

म्युनिककर: विषय काय, बोलताय काय! मॅन्युअल घेत कोण होतं? बहुतेक गिऱ्हाइकं पॅडलवालीच मागत होती, स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलणारी.

खटका: म्हणूनच आज मॅन्युअल एफ४३० पॅडलवालीपेक्षा कितीतरी महाग जाते!

गॅरेजची लेक: महाग जाते ती कपाटात ठेवणाऱ्यांमुळे. माझे बाबा दुबईत या गाड्या दुरुस्त करायचे. जुन्या एफ३५५ फेरारीचा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा) बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. बाबांची कंबर गेली त्यात. जुन्याचं कौतुक करायला पाना हातात धरावा लागत नाही.

खटका: बेल्टचा नि गिअरच्या दांड्याचा संबंध काय, ताई? एफ४३०ला बेल्टऐवजी चेनच आहे!

गॅरेजची लेक: बरं, एफ४३०पुरतं मान्य. बाकीचं नाही.

नऊहजारी: धागा पार भरकटवलात. म्युनिककर, घड्याळ तुमच्या बाजूने आहे, घ्या. पण आवाजाला किंमत नसती तर नव्या २९६ गाडीच्या व्ही-६ला फेरारीनेच आवाजावरून 'छोटा व्ही-१२' म्हणून मिरवलं असतं का?

खटका: आणि तिलाही क्लच पेडल नाहीच.