अनुभव धागा : तुमच्या कुत्र्यासाठी दुसरे कोण धावून आले?

नागपुरात पहाटे साडेपाचला अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर कुत्र्याला घेऊन निघणाऱ्याला समोरून येणाऱ्या माणसाचे नाव सहसा ठाऊक नसते. ‘ब्रूनोचे बाबा’ किंवा ‘मिनीची आई’ एवढी ओळख वर्षानुवर्षे पुरते. अडचणीच्या वेळी मात्र सख्ख्या नातेवाइकाच्या आधी हीच माणसे दारात उभी राहतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून सर्वांना विनंती आहे की, तुमच्या कुत्र्यासाठी दुसऱ्या कोणी धावून आल्याचा एकच प्रसंग इथे सविस्तर लिहावा. जाती, खाद्य आणि प्रशिक्षण यांची चर्चा या धाग्यात नको. सुरुवात मीच करतो.

आमची गुणी ही रस्त्यावर सापडलेली देशी मादी आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिने दोन दिवस अन्न सोडले, तेव्हा हवा बदलली म्हणून असेल, असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आले. ओठ वर करून पाहिले तर नेहमी गुलाबी दिसणाऱ्या हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडलेल्या होत्या आणि पोटावर जांभळे ठिपके उमटले होते. तपासणीत गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. हिमोग्लोबिन चारवर आले होते, जे निरोगी कुत्र्यात बाराच्या वर असते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की औषध सुरू केले आहे, परंतु त्याचा परिणाम होईपर्यंत तिला तगवायचे असेल तर आज रात्रीच रक्त द्यावे लागेल.

कुत्र्यांचे रक्तगट वेगळे असतात आणि त्यांना रक्त कुत्र्याचेच लागते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. दाता पंचवीस किलोंपेक्षा जास्त वजनाचा, एक ते आठ वर्षांच्या दरम्यानचा, सर्व लसी झालेला आणि पूर्ण निरोगी असावा लागतो. संध्याकाळी सातपासून मी सकाळच्या फेरीतल्या ओळखींना फोन लावत राहिलो. कोराडी रोडवरून एक गृहस्थ आपला जर्मन शेफर्ड घेऊन तासाभरात पोहोचले. पण रक्त घेण्यापूर्वीच्या तपासणीत त्यांच्याच कुत्र्यात गोचीड तापाची सुरुवात आढळली. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसत होता. त्याचा आजार लवकर कळला हे चांगलेच झाले, पण गुणीसाठी दाता उरला नाही. रात्री साडेअकराला नंदनवनहून एक दांपत्य चौतीस किलोंचा लॅब्रॅडॉर घेऊन आले. रक्त जुळले. त्याच्या मानेवरचे केस मशीनने काढून शिरेत सुई घातली, तेव्हा त्या ताईंनी त्याचे डोके आपल्या छातीशी धरले होते आणि पिशवी भरेपर्यंत त्या एकसारख्या ‘झालं रे सोन्या, झालं’ म्हणत होत्या. तो एकदाही हलला नाही. पिशवी भरल्यावर त्याने दोन बिस्किटे खाल्ली, पाणी प्याला आणि पाहुण्याकडून घरी निघावे तसा दाराकडे चालू लागला. पेट्रोलचे पैसे विचारले तेव्हा त्या ताई नाराज झाल्या. ‘उद्या आमच्यावर वेळ आली तर तुम्ही या,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

गुणी आज पाच वर्षांची आहे. मी रोज रात्री तिचे कान, पंजांच्या बोटांमधली जागा आणि शेपटीखालचा भाग गोचिडांसाठी तपासतो.

अंबाझरी लेआउट

२२ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. रात्री उशिरा आवराआवर करून आम्ही झोपलो आणि मध्यरात्रीनंतर तो पाऊस सुरू झाला, ज्याची आठवण या भागातील कोणालाही करून द्यावी लागत नाही. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि पाणी अंधारातच आमच्या तळमजल्यात शिरले. माझे पती महालक्ष्म्यांचे मुखवटे घेऊन जिन्यावर गेले. मी सीझरजवळ होते. सीझर तेरा वर्षांचा, छत्तीस किलोंचा अल्सेशियन. त्याचे मागचे पाय जवळजवळ गेलेले होते. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आले तेव्हा त्याने उठण्याचा प्रयत्न केला आणि तो कुशीवर पडला. मी त्याचे तोंड पाण्याच्या वर धरून मोठ्याने हाका मारत होते.

खाली आले ते दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांच्याशी आमचे वर्षभर बोलणे नव्हते. दोन्ही कुत्र्यांचे एकदा जिन्यात भांडण झाले होते आणि त्यानंतर माणसांचेही झाले. त्यांनी येताना अंगावरची जाड चादर आणली होती. ती सीझरच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घालून त्यांनी दोन्ही टोके वर ओढून धरली, पुढचा भाग मी धरला आणि पायरी-पायरीने आम्ही त्याला दुसऱ्या मजल्यावर नेले. पाय गेलेल्या कुत्र्याला उचलण्याची हीच रीत आहे हे नंतर डॉक्टरांनी सांगितले. काकांनी ती आपल्या आधीच्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी शिकून घेतलेली होती. काकूंनी आपल्या कुत्र्याला न्हाणीघरात बंद केले आणि सीझरसाठी देवघरासमोर सतरंजी घातली. सकाळी गल्लीतून बोटी फिरत होत्या. खालचे सर्व धान्य गेले होते. त्या दिवशी सीझरने काकूंच्या घरचा दहीभात खाल्ला. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो म्हणून दोन्ही कुत्र्यांना काकाच आपल्या गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन गेले.

सीझर त्यानंतर पाच महिने जगला. त्याला रोज सकाळी खाली उतरवायला काका येत असत. चादर तीच होती.

मनीषनगर

नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे दिवस होते. दुपारी दोनला वीज गेली आणि कूलर बंद पडला. आमचा पग गोलू चार वाजता फरशीवर पसरून इतक्या जोरात धापा टाकू लागला की आवाज दुसऱ्या खोलीत येत होता. जीभ जांभळट झाली होती. मी घाबरून फ्रीजमधला बर्फ काढला. तेवढ्यात धापांचा आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या आजी आत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला बर्फ बाजूला ठेवला. बर्फाची गरज नाही, हे त्यांनी गोलूला उचलता उचलता मला सांगितले. माठातले साधे पाणी पोटावर, काखांत आणि पंजांवर ओतत राहायचे, वारा घालायचा आणि ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. गोलूला पंख्याखाली ठेवून त्यांनी दवाखान्यात फोन केला आणि आम्ही निघालो. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तापमान १०५ अंश फॅरनहाइट होते; कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ असते. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी ओतले नसते तर याला आणण्यात अर्थ उरला नसता.

आखूड नाकाच्या कुत्र्यांना नागपूरचा मे महिना सोसत नाही. घेण्यापूर्वी हा विचार व्हायला हवा होता, तो आम्ही केला नाही. आता उन्हाळ्यात फिरणे पहाटे आणि रात्री नऊनंतरच होते. रात्रीसुद्धा मी आधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून पाहते. हाताला चटका बसला तर पंजांनाही बसतो.

प्रतापनगर (मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात)

मी भाड्याच्या खोलीत राहून शिकत होतो आणि खोलीवर माझ्यासोबत बंडू हा कुत्रा होता. आईला अचानक दवाखान्यात भरती केल्याचा फोन आला तेव्हा रात्रीची बस पकडायची होती आणि बंडूला ठेवायला कोणी नव्हते. शेजारच्या गल्लीत एक काकू आपल्या पॉमेरेनियनला घेऊन फिरायच्या. त्यांच्याशी माझे बोलणे ‘चावत नाही ना’ एवढ्यापुरतेच झालेले. मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी बंडूचा पट्टा माझ्या हातातून घेतला आणि ‘आधी आईकडे पाहा,’ एवढे म्हणून दार लावले.

मी एकवीस दिवसांनी परतलो. काकूंनी एक शंभर पानी वही माझ्यासमोर ठेवली. त्यात रोजची तारीख घालून बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘सकाळी अर्धी पोळी, अंडे नाही. दुपारभर दाराशी बसून होता.’ ‘आज दोन वेळा शेपटी हलवली.’ ‘जुलाब. फक्त भात आणि ताक. डॉक्टरांना विचारले.’ ‘रात्री आमच्या पलंगाखाली झोपला.’ मी तिकडे आईच्या खाटेशी बसलो असताना इथे दुसरे कोणी इतक्या बारकाईने माझ्या जिवाकडे लक्ष देत होते. ती वही अजून माझ्याजवळ आहे. आई आता बरी आहे.

बेसा

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास बंदी घालणारी सूचना लागली होती. आम्ही पाच कुत्रेवाली घरे एकत्र आलो. भारतीय जीव जंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी बंदी घालता येत नाही, हे आम्ही कागदपत्रांसह समितीपुढे मांडले. नियम आमच्या बाजूने होता; तरी त्या बैठकीनंतर वातावरण अधिकच बिघडले. मग आमच्यातल्याच एका ताईंनी विचारले की कुत्र्याची घाण उचलण्याची पिशवी आपल्यापैकी किती जण बरोबर ठेवतात. उत्तर देण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. तेव्हापासून पाचही घरे पिशवी घेऊनच उतरतात, लिफ्टमध्ये कोणी लहान मूल असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहतात. सूचना कोणी काढली ते कळले नाही, एक दिवस ती तिथे नव्हती. कुत्रेवाल्यांनी एकमेकांना आधार द्यायचा, त्यात एकमेकांना चूक दाखवणेही आले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्रिमूर्तीनगर

वरील अनुभवाला धरून लिहितो. आमचा कुत्रा फाटक उघडे राहिल्यामुळे पेपर टाकणाऱ्या मुलाला चावला. मी गोंधळून आमच्याच कुत्र्याला आत ओढत बसलो. शेजारच्या कुत्रेवाल्या दादांनी त्या मुलाला आपल्या नळाखाली बसवले आणि साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे जखम धुतली. आमच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली होती, प्रमाणपत्रही होते; तरी दादा त्या मुलाला लगेच लस देण्यासाठी घेऊन गेले आणि ‘प्रमाणपत्र तुझ्या कुत्र्याचं आहे, पोराचं नाही,’ असे मला म्हणाले. पुढच्या प्रत्येक लसीच्या तारखेला त्या मुलाला मी स्वतः घेऊन गेलो.

खामला

आमची जर्मन शेफर्ड राणी चौदाव्या वर्षी गेली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा पुढचा प्रश्न कोणी आधी विचारात घेत नाही : तिला ठेवायचे कुठे? सकाळच्या फेरीतल्या एका भाऊंचे काटोल रोडकडे शेत आहे. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी फक्त ‘किती वाजता निघता?’ असे विचारले. एप्रिलची काळी माती भेगाळून दगडासारखी झाली होती. भाऊ, त्यांचा मुलगा आणि माझे यजमान यांना चार फूट खोल जायला दोन तास लागले. खाली मीठ घातले, वर माती लोटली. भाऊंचा स्वतःचा कुत्रा सर्व वेळ बांधावर बसून होता. काम झाल्यावर भाऊंच्या घरून डबा आला. मला घास उतरत नव्हता, तेव्हा वहिनींनी आग्रह केला नाही. डबा पुन्हा बांधून गाडीत ठेवला आणि ‘रात्री भूक लागंल,’ म्हणाल्या. रात्री अकराला आम्ही दोघांनी ती पोळी-भाजी खाल्ली.

धागा सुरू करणारा

सर्वांचे मनापासून आभार. नंदनवनच्या त्या ताईंनी हे वाचून मला सुचवले आहे की त्या रात्रीसारखे फोन पुन्हा कोणाला लावत बसावे लागू नयेत. ज्यांचा कुत्रा पंचवीस किलोंपेक्षा जास्त वजनाचा, एक ते आठ वर्षांचा आणि लसी पूर्ण झालेला आहे, त्यांनी कृपया खाली वस्ती, वजन, वय आणि कोणत्या वेळी येता येईल एवढे लिहावे. रक्त देण्यापूर्वी तपासणी होतेच. त्यात आपल्याही कुत्र्याचे भले आहे. पावसाळा तोंडावर आला आहे आणि गोचिडांचे दिवस तेच आहेत.

कोराडी रोड

जर्मन शेफर्ड, नर, बत्तीस किलो, पाच वर्षे. गेल्या वेळी गोचीड तापामुळे याचे रक्त घेता आले नव्हते. उपचार पूर्ण झाले आहेत. तरी डॉक्टर होकार देतील तेव्हाच याचे नाव धरावे. गाडी मात्र कोणासाठीही, कोणत्याही वेळी उपलब्ध आहे.

नंदनवन

लॅब्रॅडॉर, नर, चौतीस किलो, सहा वर्षे. रात्री केव्हाही.

मानेवाडा

देशी, मादी, सव्वीस किलो, तीन वर्षे. रस्त्यावरची होती, आता घरची आहे. सकाळी सातनंतर. फार निकड असेल तर सातच्या आधीही.